टायमिंग सोडून काहीही विचारा: आमच्या हिवाळी क्रॉसकंट्रीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळीचा फराळ संपतो न संपतो तोच फोन सुरू होतात. उत्तरं तीच असतात, म्हणून एकदाची लिहून काढली. प्रश्न लोक विचारतात तसेच ठेवलेत. सगळं वाचायला वेळ नसेल तर मार्ग, बूट आणि एसटी एवढं तरी वाचून या.

सर, ही मॅरेथॉनच ना?

नाही. मॅरेथॉन ४२.१९५ किलोमीटरची असते. आपल्याकडे तीन किलोमीटर पळायचं असलं तरी फ्लेक्सवर ‘मॅरेथॉन’च छापतात, त्याला आमचा इलाज नाही. क्रॉसकंट्री म्हणजे रस्ता सोडून पळणं. गायरान, पाणंद, बांध, ओढा, चढ, उतार, जे समोर येईल ते. इंग्लंडमधल्या शाळांत एकोणिसाव्या शतकात पोरांचा एक खेळ होता: एकदोघं कागदाचे कपटे टाकत पुढे पळायचे आणि बाकीचे कपट्यांचा माग काढत त्यांना गाठायचे. त्यातून हा प्रकार वाढला. १९०३ पासून देशादेशांत सामने होऊ लागले आणि १९७३ साली बेल्जियममधल्या वारेगेमला पहिली जागतिक क्रॉसकंट्री झाली. तिकडे ही हिवाळ्यात घेतात, कारण ट्रॅकचा हंगाम उन्हाळ्यात असतो. आपल्याकडे हिवाळ्यात घेतो, कारण एप्रिलमध्ये याच माळावर सकाळी नऊला नुसतं उभं राहवत नाही.

दरवर्षी तारीख का बदलता? एक ठरवून टाका ना.

येळवशीमुळे. लातूर-धाराशिवकडच्या माणसाला हे सांगायला नको, पण जालना-संभाजीनगरकडूनही पोरं येतात म्हणून सांगतो. येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावास्या. त्या दिवशी गाव ओस आणि शिवार भरलेलं. रानात कडब्याची कोप, आत पांडवांची पूजा, मग भज्जी, उंडे, आंबील, खीर. आदल्या रात्री घरोघरच्या बायका चुलीपुढून उठत नाहीत. त्या आठवड्यात स्पर्धेला ना धावपटू मिळतो ना स्वयंसेवक.

आता ही तिथी मागेपुढे सरकते. २०२४ या एकाच वर्षात येळवस दोनदा आली, ११ जानेवारीला आणि ३० डिसेंबरला. म्हणून आमचा नियम असा: येळवस झाल्यावरचा दुसरा रविवार. पहिला मुद्दाम सोडतो, भज्जी-आंबील अंगातून उतरायला आठवडा लागतो. दुसरा रविवार १२ जानेवारीला आला तर सिंदखेडराजाला जिजाऊ जयंती असते आणि १४ ला आला तर संक्रांत आणि नामविस्तार दिन. तसं झालं की आठवडाभर पुढे ढकलतो. पंचांग बघा, तारीख तुम्हालाच काढता येईल.

गट कोणते आणि कोणाला किती पळायचं?

आमच्याकडे दोन फेरे आखलेले असतात. छोटा साधारण दोन किलोमीटरचा, मोठा साधारण पाचचा. १६ वर्षांखालच्या मुला-मुलींना छोटा फेरा एकदा. १८ खालच्या मुलींना तो दोनदा, मुलांना तीनदा. खुल्या गटात मोठा फेरा दोनदा, म्हणजे १० किलोमीटर, आणि पुरुष-महिला दोघांनाही तेवढंच. ‘बायकांना दहा जास्त होतंय’ असं दरवर्षी कुणीतरी पुरुषच येऊन सांगतो. जागतिक क्रॉसकंट्रीत २०१७ पासून दोघांचं अंतर सारखं आहे. ४५ च्या पुढच्यांना मोठा फेरा एकदा. राष्ट्रीय स्पर्धेत २० वर्षांखालचा वेगळा गट असतो. आमच्याकडे तेवढी नावं येत नाहीत, त्यामुळे १८ पूर्ण झाले की खुल्या गटात.

टायमिंग किती लागतंय? मागच्या वर्षीच्या पहिल्याचं टायमिंग सांगा की.

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि उत्तर ऐकून सगळ्यात जास्त लोक खट्टू होतात. आम्ही टायमिंग लावत नाही. प्रमाणपत्रावरही लिहीत नाही. तिथे फक्त नंबर असतो.

कारण मार्ग दरवर्षी तोच नसतो. एखाद्याची तूर निघालेली असते, एखाद्याची उभी असते. एका वर्षी बांध मोकळा, दुसऱ्या वर्षी त्याच बांधाला करडईचा पट्टा. मग फेरा इकडून तिकडे वळवावा लागतो. आमचे दहा किलोमीटर कधी थोडे कमी भरतात, कधी थोडे जास्त. त्यात सप्टेंबरचा पाऊस चांगला झाला तर जानेवारीतही ओढ्याला घोटाभर पाणी असतं, नाहीतर कोरडी वाळू. दोन वर्षांची वेळ शेजारी ठेवून काय कळणार? जागतिक क्रॉसकंट्रीतही याच कारणाने विश्वविक्रम नावाची गोष्ट नाही. तिथेही कोण कितवा आला एवढंच बघतात.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. अलीकडे पोरं घड्याळाकडे बघत पळतात. चौथ्या किलोमीटरला वेग पडला असं मनगट सांगतं आणि पाय त्याआधीच हार मानतात. इथे वेग पडणारच. चढ आहे, ढेकळं आहेत, सगळ्यांचाच पडणार. तुमच्या पुढच्याचा तुमच्याइतका पडला की जास्त, एवढंच बघायचं असतं. त्याचे खांदे वर चढलेत का, पाय घासत पडतोय का, चढाला त्याने हात गुडघ्यावर टेकवले का. हे वाचता यायला लागलं की माणूस शर्यत पळायला शिकला. तोवर तो नुसता पळत असतो.

घड्याळ घालायला बंदी नाही. घरी जाऊन कुणाला काय सांगायचं तो तुमचा प्रश्न. इअरफोन मात्र काढून ठेवा, मागून येणारा ‘बाजूला’ म्हणाला तर ऐकू आलं पाहिजे.

मार्ग कसा आहे?

जिल्हा परिषद शाळेमागच्या गायरानावरून सुटतो. तिथे जमीन मुरमाड आणि रुंदी भरपूर, साठ-सत्तर जण एका रांगेत उभे राहतात. साधारण एक किलोमीटरनंतर पाणंद लागते आणि तिथे रुंदी एकदम बैलगाडीएवढी होते. दोन्ही बाजूंना बाभळी. जे जाणते आहेत ते सुरुवातीला जोर लावून पाणंदीच्या तोंडाशी पुढे राहतात; मागे सापडलात तर पुढची पाचसातशे मीटर कुणाची तरी पाठ बघत जावं लागतं. पण म्हणून पहिल्याच किलोमीटरला जीव सोडलात तर पुढे चढ वाट बघतोय.

पाणंद संपली की तुरीचं रान. या दिवसांत तूर कापून झालेली असते आणि जमिनीत धसकटं उभी असतात, बोटभर जाड, तिरपी कापलेली, टोकदार. आम्ही आठवडाभर आधी एक पट्टा साफ करून त्याच्या दोन्ही बाजूंना चुन्याची रेघ मारतो. रेघेच्या आत राहा. बाहेरून दोन पावलं वाचवायला गेलेल्याचा बूट तळापासून फाटलेला आम्ही बघितलाय.

पुढे हरभऱ्याच्या कडेचा बांध. सकाळच्या दवात हरभऱ्याच्या पानांवर आंब असते. बाभळीने आधीच ओरबाडलेल्या पोटरीला ती लागली की चांगलीच चरचरते. काही होत नाही, पळत राहा. मग ओढा: उतरायला माती, तळाला वाळू, चढायला पुन्हा माती. वाळूत लांब टांगा टाकू नका, पाय रुततो. छोटी छोटी पावलं टाका.

ओढ्यापलीकडे म्हसोबाचा चढ. बालाघाटाची ही शेवटची टेकाडं, उंची फार नाही, पण सलग आहे आणि पायाखाली सुटे दगड. छोट्या फेऱ्यात हा चढ नाही. मोठ्या फेऱ्यात आहे, खुल्या गटाला तो दोनदा लागतो आणि स्पर्धेचा निकाल बहुतेक वेळा दुसऱ्यांदा चढताना लागतो. वर म्हसोबाला शेंदूर लावलेला दगड आहे, त्याला उजवी घालून वळायचं. तिथे आमचा माणूस नंबर टिपत बसलेला असतो, त्यामुळे मधूनच खाली वळण्याचा विचार करू नका. उतारावर मागे झुकून ब्रेक मारत उतरणाऱ्याच्या मांड्या दुसऱ्या दिवशी धरतात. अंग थोडं पुढे, नजर चार पावलं पुढच्या दगडावर.

शेवटी पाझर तलावाची भिंत. १९७२ च्या दुष्काळात याच कामावर आमच्या आज्या-आजोबांनी पाट्या वाहिल्या. भिंतीवरून साडेतीनशे मीटर सपाट, मग गायरान. समोर झेंडे दिसायला लागतात आणि ते वाटतात त्यापेक्षा लांब असतात.

मार्ग आधी पळून बघता येईल का?

आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी चारला, आम्ही सगळ्यांना चालत फिरवतो. पळत नाही, चालत. त्याआधी एकट्याने रानातून फिरू नका. शेतमालकाला माहीत नसतं तुम्ही कोण, आणि राखणीला बसलेल्या माणसाच्या हातात गोफण असते.

बूट कोणते? स्पाइक चालतात का? अनवाणी?

स्पाइक, म्हणजे तळाला टोकं असलेले बूट, चालतात. मार्गात डांबर कुठेच नाही, मुरमाची चाळण आहे तिथे मात्र टोकं झिजतील. बहुतेकांनी साधे, तळाला खाचा असलेले बूट घालावेत, आधी महिनाभर वापरलेले. नवे कोरे बूट स्पर्धेच्या दिवशी पहिल्यांदा घालणारा दरवर्षी एक तरी असतो, आणि तो दुसऱ्या फेऱ्याला लंगडतो. महागडे जाड तळाचे रोड-रनिंगचे बूट आणू नका. डांबरावर ते चांगले, पण ढेकळात घोटा वळतो.

अनवाणी पळायला आमचा नियम आड येत नाही. लहानपणापासून तसंच पळणाऱ्याला आम्ही अडवत नाही. पण धसकटं आणि सराटे त्याला ओळखत नाहीत, हेही सांगून ठेवतो.

मी पोलीस भरतीची तयारी करतोय. याचा मला काय फायदा? ग्राउंडला तर १६०० च मारायचंय.

आमच्याकडे येणाऱ्यांत निम्म्याहून जास्त भरतीचीच पोरं-पोरी असतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो. पोलीस भरतीत मैदानी चाचणीला ५० गुण. त्यात पुरुषांना १६०० मीटर, महिलांना ८०० मीटर, शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक. १६०० ला पैकीच्या पैकी २० गुण हवेत तर ५ मिनिटं १० सेकंदांच्या आत यावं लागतं. त्यामुळे तालुक्या-तालुक्यातल्या पोरांनी वर्षानुवर्षं एकच केलंय: पहाटे उठायचं, डांबरी रस्त्यावर जायचं आणि जीव तोडून १६०० मारायचं. रोज. तीन महिन्यांत नळ्या दुखायला लागतात. मग गरम पाण्याचा शेक, मग कुणीतरी सांगितलेलं तेल, मग दोन आठवडे बंद, मग परत तेच.

रोज परीक्षा देऊन अभ्यास होत नाही. १६०० मीटरमधला मोठा वाटा दमाचा असतो आणि दम वाढतो तो सावकाश, लांब आणि मऊ जमिनीवर पळून. आठवड्यातून तीन-चार दिवस रानातून चाळीस-पन्नास मिनिटं, शेजारच्याशी बोलता येईल इतक्या वेगाने. एक दिवस चढाचे फेरे. एक दिवस ट्रॅकवर ४०० मीटरचे तुकडे. पूर्ण १६०० घड्याळ लावून पंधरा दिवसांतून एकदा पुरे. मातीवर नळीला मार कमी बसतो आणि उंचसखल जमिनीमुळे घोटा, पोटरी, कंबर सगळं कामाला लागतं.

भरती जर आमच्या स्पर्धेनंतर आठवड्याभरात असेल तर मात्र येऊ नका. किंवा या आणि चहा पिऊन परत जा.

साबळे इथे पळाले होते का?

नाही. पण प्रश्न चांगला आहे. अविनाश साबळे बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचे. लहानपणी शाळा सहा किलोमीटरवर आणि गाडीची सोय नाही, त्यामुळे चालत नाहीतर पळत. बारावीनंतर लष्करात, महार रेजिमेंटमध्ये. तिथे २०१५ मध्ये ते लष्कराच्या अंतर्गत क्रॉसकंट्रीत उतरले, म्हणजे खेळाचं दार त्यांच्यासाठी या प्रकाराने उघडलं. स्टीपलचेस नंतर आली: ३००० मीटर, २८ अडथळे आणि सात वेळा पाण्याचा खड्डा. रानात पळालेल्या माणसाला ती परकी वाटत नसणार.

२०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी ८ मिनिटं ११.२० सेकंदांत रौप्य जिंकलं. १९९८ पासून या शर्यतीची राष्ट्रकुलमधली तिन्ही पदकं दर वेळी केनियाच नेत होतं. सुवर्ण हुकलं ते ०.०५ सेकंदाने. पुढच्या वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण. २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकची अंतिम फेरी, तिथवर पोचलेले ते या प्रकारातले पहिले भारतीय पुरुष.

मुलींच्या वडिलांना मी परभणीच्या ज्योती गवते यांचं नाव सांगतो. २०१७ ची मुंबई मॅरेथॉन त्यांनी भारतीय महिलांत जिंकली. परभणीतून.

क्रॉसकंट्री ऑलिंपिकमध्ये आहे का?

होती. १९१२, १९२० आणि १९२४. पॅरिसला १९२४ मध्ये भर उन्हाळ्यात, कडक उन्हात घेतली. ३८ जण सुटले आणि १५ पोचले. पहिला आला फिनलंडचा पावो नुर्मी आणि तो ताजातवाना दिसत होता म्हणतात. बाकीचे उन्हाने कोसळत होते. त्यानंतर हा प्रकार ऑलिंपिकमधून गेला तो गेलाच. आम्ही सकाळी साडेसातला सोडतो ते उगाच नाही.

गावाचा संघ कसा मोजता? पहिला आमचा आला, ढाल दुसऱ्या गावाला कशी?

यावरून दरवर्षी वाद होतो, म्हणून आकड्यांनी सांगतो. खुल्या गटात एका गावाचे सहा जण पळू शकतात. त्यातल्या पहिल्या चौघांचे नंबर मिळवायचे. ज्यांची बेरीज सगळ्यात कमी, ढाल त्यांची. समजा तुमचे चौघे दुसरा, पाचवा, एकोणिसावा आणि तिसावा आले. बेरीज ५६. दुसऱ्या गावाचे नववा, अकरावा, तेरावा, सोळावा. बेरीज ४९. त्यांचा एकही जण पहिल्या आठात नाही, तरी ढाल त्यांची. बेरीज सारखी झाली तर ज्याचा चौथा माणूस वरचा तो संघ जिंकला.

म्हणजे सगळं ओझं असतं तुमच्या चौथ्या माणसावर. त्याला कुणी हार घालत नाही, त्याचा फोटो येत नाही, पण तो तिसाव्यावरून पंचविसाव्यावर आला तर पाच गुण कमी होतात. गावात एकच वाघ तयार करून चार महिने त्याला दूध-बदाम खाऊ घालणाऱ्या गावाला ढाल मिळत नाही. ज्या गावातली पोरं एकत्र सराव करतात त्यांना मिळते. पाचवा आणि सहावासुद्धा वाया जात नाहीत: ते दुसऱ्या गावाच्या चौथ्याच्या पुढे आले तर त्याचा नंबर खाली ढकलतात.

वाघ म्हणालात, खरा वाघ आला तर?

हसू नका, हा प्रश्न खरंच आला. डिसेंबर २०२४ मध्ये यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातला वाघ चालत चालत येडशीच्या रामलिंग घाट अभयारण्यात पोचला, तेव्हापासून. आमचा मार्ग जंगलातून जात नाही. आसपास काही दिसल्याची खबर असेल तर वनखात्याला विचारूनच स्पर्धा घेऊ.

खरी काळजी दोन गोष्टींची असते. गावची कुत्री, त्यांच्यासाठी पाणंदीच्या तोंडाला दोघे जण उभे असतात. आणि आग्या मोहोळ. आदल्या दिवशी चिंचेपासून बाभळीपर्यंत प्रत्येक झाड बघून घेतो. मार्गाच्या जवळ कुणी हुरड्याची आगटी पेटवू नये, धुराने मोहोळ उठतं.

मुलीला पाठवायचंय. सोय काय आहे?

शाळेत कपडे बदलायला स्वतंत्र खोली, आतून कडी लागते, दाराशी आमच्यातल्या दोघी बसतात. स्वच्छतागृहात पाणी आणि पॅड ठेवलेले असतात. ओढा आणि म्हसोबाचा चढ ही दोन ठिकाणं प्रेक्षकांच्या नजरेआड जातात, तिथे महिला गटाच्या वेळी महिला पोलीस किंवा शिक्षिकाच उभ्या राहतात. कपड्यांचं बंधन नाही. शॉर्ट, ट्रॅकपँट, सलवार, डोक्याला ओढणी, ज्यात पळता येतं ते. घोळका करून छेडणारा कुणी दिसला तर त्याला गायरानाबाहेर काढतो, मग तो कुणाचाही पोरगा असो.

मी बावन्न वर्षांचा आहे, शुगर आहे. पळू का?

रोज चालता-पळता का? हो असेल तर डॉक्टरांना विचारून ४५ पुढच्या गटात या, गोळीची वेळ आणि नाष्टा त्यांच्याकडूनच ठरवून घ्या, खिशात साखरेची पुडी ठेवा. नाही असेल तर यंदा बघायला या आणि उद्यापासून चालायला लागा. छातीत दुखणं, चढावर चक्कर, अंगात ताप, यातलं काही असेल तर कोणत्याही वयाला नाही. गायरानावर डॉक्टर असतात आणि १०८ ची गाडी सांगून ठेवलेली असते.

थंडीत काय घालायचं, काय खायचं?

जानेवारीत परभणीच्या कृषी विद्यापीठाचा पारा एक आकडी झाला की पेपरात येतं, तशीच थंडी आमच्याकडे माळावर असते. स्वेटर, कानटोपी, मफलर सगळं घालून या आणि सुटायच्या दहा मिनिटं आधीपर्यंत काढू नका. पंधरा-वीस मिनिटं हळू पळून अंग तापवा. पळताना मात्र एक टी-शर्ट पुरतो.

रात्री भाकरी, वरण, भात, नेहमीचं जेवण. तिखट कालवण आणि नवीन काही नको. सकाळी दीड तास आधी एखादं केळ, चहा. संपल्यावर आमच्याकडून सगळ्यांना सुशीला आणि चहा असतो. लातूरबाहेरच्यांसाठी, हे मुरमुऱ्यांचं असतं आणि दुसऱ्यांदा मागून घेतात.

पाण्याच्या बाटल्या मिळतील का?

नाही. तलावाच्या भिंतीपाशी रांजण आणि स्टीलचे पेले असतात. थांबा, प्या, पेला तिथेच ठेवा. २०१६ च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. अर्धी बाटली डोक्यावर ओतून उरलेली रानात फेकायची पद्धत आम्हाला बघवत नाही. शिवाय शेतात पडलेलं प्लास्टिक बैलाच्या पोटात जातं.

शेतकरी रानातून पळू देतात?

देतात, कारण आम्ही विचारतो. दिवाळीनंतर प्रत्येकाच्या घरी जाऊन. उभ्या पिकातून मार्ग नेत नाही. हरभऱ्यात किंवा ज्वारीत पाय टाकलेला धावपटू बाद, मग तो पहिला असला तरी. प्रेक्षकांनी ढाळे उपटून खात बांधावर बसू नये. एका माणसाने मूठभर घेतले तर काही नाही, पण चारशे जण असतात.

पाऊस झाला तर?

काळ्या रानात एक अवकाळी सर पडली की बुटाला शेर-शेर माती चिकटते. युरोपात म्हणे चिखलातच खरी मजा. त्यांनी आमची काळी माती बघितलेली नाही. तसं झालं तर फक्त मुरमाड गायरानावर फेरे मारून तेवढंच अंतर पळवतो. रद्द करत नाही. गारपीट झाली तर रद्द, कारण त्या दिवशी ज्याचं त्याचं रान बघायला लोकांना जावं लागतं.

बाहेरची, लष्करातली पोरं येऊन बक्षिसं नेतात. आमच्या पोरांचं काय?

नेऊ द्या. आमच्या पोरांना त्यांची पाठ चार किलोमीटर बघायला मिळते, ती एरवी कुठे मिळणार? तालुक्यातल्या पहिल्या पाचांना वेगळी बक्षिसं ठेवलेली आहेत. संघाची ढाल फक्त तालुक्यातल्या गावांसाठी.

फी, कागदपत्रं, बक्षीस?

शाळकरी मुलांना फी नाही. खुल्या गटाला शंभर रुपये. आधार आणि १८ खालच्यांसाठी शाळेचा दाखला, मूळ प्रत. वयाची खाडाखोड ओळखायला आम्हाला वेळ लागत नाही, मिसरूड फुटलेला पंधरा वर्षांचा दरवर्षी येतो. रोख बक्षीस बेताचंच आहे. त्यासाठी येत असाल तर याहून मोठ्या स्पर्धा आहेत.

भाषणं पळून झाल्यावर. पाहुणे उशिरा आले तरी झेंडा साडेसातलाच पडतो.

मोटारसायकलवरून शेजारून जाऊन पोराला ओरडून सांगता येईल का?

नाही. वडील, काका, अकादमीचे सर, कुणालाच नाही. गाडी दिसली की त्या धावपटूला बाद करतो. ओरडायचं तर एका जागी उभं राहून ओरडा. तलावाच्या भिंतीखालची जागा चांगली आहे, दोनदा दिसतात.

एसटी किती वाजता पोचते? उशीर झाला तर?

पहिली एसटी पोचेपर्यंत मुलांचे गट सुटलेले असतात. लांबून येणाऱ्यांनी शनिवारी संध्याकाळीच या, शाळेत सतरंज्या असतात, पांघरूण आपापलं आणा. नंबराचं कापड सकाळी पावणेसातपर्यंत मिळतं. त्यानंतर आलात तर पळा, पण मोजलं जाणार नाही.

निकालावर हरकत असेल तर?

निकाल फळ्यावर लावल्यापासून अर्ध्या तासात, कागदावर लिहून, नंबराच्या कापडासह. म्हसोबापाशी टिपलेली यादी आणि शेवटच्या रेषेवरची यादी समोर ठेवून तिथेच निर्णय होतो. संध्याकाळी गावी पोचल्यावर पाठवलेला व्हिडिओ बघत नाही.